रोजच्या जीवनातील योग आणि उपेक्खा

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



योग म्हटले की सतरंजी, आसने आणि २१ जूनचा योग दिन डोळ्यांसमोर येतो. शरीराला व्यायाम हवाच. पण मी आसनांचा जाणकार नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे. म्हणून योगातील फक्त चार शब्दांविषयी बोलणार आहे : मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा.

पतंजलीच्या योगसूत्रांत, पहिल्या पादात, मन प्रसन्न राहावे म्हणून हे चार भाव सांगितले आहेत. पालीत तेच मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या नावांनी येतात. आपण त्यांना ब्रह्मविहार म्हणतो. सिद्धार्थ गौतमांनीही गृहत्यागानंतर आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकून घेतले. तेवढ्याने दुःखाचा प्रश्न सुटत नाही हे दिसल्यावर ते पुढे गेले. चांगले ते पारखून घ्यावे आणि तेथेच थांबू नये, ही रीत आपल्याला नवी नाही.

बंधू-भगिनींनो, सातारा आणि सांगली हे एकाच पाण्याने बांधलेले जिल्हे आहेत. महाबळेश्वरात आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळला, कराडला कोयना कृष्णेला मिळाली, की सांगलीकरांची नजर आयर्विन पुलाकडे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला.

संकट समोर उभे असते तेव्हा करुणा शिकवावी लागत नाही. भाकरी कोणाच्या घरची, हे विचारायला भुकेला वेळ नसतो. खरी कसोटी पाणी ओसरल्यावर लागते. पंचनामे होतात, याद्या लागतात. शेजाऱ्याचे नाव आले, आपले राहिले, की मनात दुसरा पूर चढू लागतो. ओली पासबुके वाळवून रांगेत उभी राहिलेली माणसे मी काउंटरमागून पाहिली आहेत. पैसे जमा झाले नाहीत म्हणून एखादा संतापतो. त्याच्या मागचा मात्र आपला नंबर सोडून म्हातारीची स्लिप भरून देतो. दोघांचेही नुकसान झालेले असते. फरक मनाच्या सवयीचा असतो. शेजाऱ्याला मिळाले याचा आनंद मानणे म्हणजे मुदिता. चौघांत ही सर्वांत अवघड, असे मला वाटते. शेजारचा मुलगा स्पर्धा परीक्षेत पास झाल्यावर आपण पेढा कोणत्या चेहऱ्याने खातो, ते आठवून पाहावे!

आता चौथा शब्द. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षा सोसली, त्याला हा शब्द सद्‌गुण म्हणून कसा रुचावा? पण पालीतील उपेक्खा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. उपेक्खा म्हणजे समतोल. सगळे पाहायचे, पण तोल जाऊ द्यायचा नाही.

याचे उदाहरण महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. तरुण प्रत्युत्तराला सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण ते गप्प बसले का? नाही! तळ्याचा दावा वर्षानुवर्षे लढवला गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हात आवरला, हक्क सोडला नाही. ‘मन शांत ठेवा’ याचा अर्थ ‘अन्याय सोसा’ असा कोणी सांगत असेल, तर त्याला महाड दाखवावे. पंचनाम्यात नाव नसेल तर शिवीगाळ करू नये, पण अर्ज जरूर करावा, पोच घ्यावी आणि पाठपुरावा सोडू नये.

हा तोल आणायचा कसा? त्यासाठी आनापान आहे. सकाळी दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. मन भटकले तर रागावू नये, परत आणावे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात; पहिले काही दिवस तेथेही हाच अभ्यास असतो. राग आला की श्वास बदलतो, हे एकदा ओळखता आले की उत्तर देण्यापूर्वी क्षणभर जागा मिळते. त्या क्षणात पुष्कळ भांडणे वाचतात. मात्र ध्यान म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर घरच्यांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रहो, ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलाला मसूर स्टेशनाबाहेर, जात कळताच, गाडीवाले गाडीत घेईनात. तो अपमान ते विसरले नाहीत. पुढे त्यांनी तो लिहूनही ठेवला. पण त्या अपमानाला त्यांनी अभ्यासाच्या आड येऊ दिले नाही. मार्क कमी पडले, कोणी टोचून बोलले, तर एवढे ध्यानात ठेवा.

पूर आपल्या हाती नाही, पाऊस आपल्या हाती नाही. श्वासाकडे लक्ष देणे आपल्या हाती आहे आणि शेजाऱ्याचा हात धरणेही. उद्या सकाळची दहा मिनिटे तेवढी काढा, अशी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!