शाळेची वाट आणि नगरसेवकाची निवड

(संस्थेच्या वार्षिक समारंभात जठारपेठ, अकोला येथे केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे आवरून दिले आहे.)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला होता तो 'शिक्षणाचे महत्त्व' असा. मी त्यांना नम्रपणे म्हटले की, जे पालक घरची कामे टाकून मुलांना घेऊन येथे आले, त्यांना हे महत्त्व मी काय सांगणार? मी वऱ्हाडातल्या नगरपालिकांत ओव्हरसिअर म्हणून नोकरी केलेला माणूस. नाली, रस्ता आणि दिव्याचा खांब एवढीच माझी विद्या. तेव्हा शाळेच्या आत काय चालते ते गुरुजनांवर सोपवून, शाळेपर्यंतच्या वाटेविषयी बोलण्याची परवानगी मी मागून घेतली आहे.

ही वाट आता फार लांबली आहे. जठारपेठेतून ज्या उमरीकडे रस्ता जातो, ती उमरी काल-परवापर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होती. अकोल्याची महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २००१ रोजी; आणि २०१६ साली उमरी, मलकापूर, खडकी, शिवणी, शिवर अशी भोवतालची गावे तिच्या हद्दीत आली. शहराचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस किलोमीटर होते, ते सुमारे १२४ झाले. म्हणजे चौपटीहून जास्त. नगरसेवक मात्र ७३ होते, ते २०१७ च्या निवडणुकीत ८० झाले. हद्दवाढीची अधिसूचना एका दिवसात निघते. बंब, सफाई कामगार, पाण्याच्या टाक्या आणि नाल्या त्या दिवशी चौपट होत नाहीत, हे आम्हा खात्यातल्या लोकांना चांगले ठाऊक असते.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, तेव्हा कोठे राज्यातील इतर महापालिकांबरोबर अकोल्यात १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. समोर बारावीचे जे विद्यार्थी बसले आहेत, ते सभागृहाची मुदत संपली तेव्हा आठवीत होते. आठवीपासून बारावीपर्यंत त्यांच्या गल्लीतला दिवा गेला तर विचारावे असा नगरसेवकच नव्हता. आज आहे. म्हणून आजच बोलले पाहिजे.

प्रचाराच्या दिवसांत मी हौसेने कोपरा सभा ऐकत हिंडलो. दोन शब्द सर्वत्र कानांवर पडत: विकास आणि सुरक्षा. विकास म्हणजे सिमेंटचा रस्ता आणि सुरक्षा म्हणजे पोलीस, अशी सरळ वाटणी बहुतेकांनी करून टाकलेली. आता पोलीस खाते हे राज्य शासनाचे. नगरसेवक हवालदाराला हुकूम करू शकत नाही. परंतु रस्त्यावर दिवे लावणे, नाल्या बांधून त्या वाहत्या ठेवणे, आग विझवण्याची व्यवस्था करणे, पडायला आलेल्या इमारतींचा बंदोबस्त करणे ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये होत. १९४९ च्या महापालिका अधिनियमात तसे लिहिलेले आहे. क्लासवरून संध्याकाळी परतणाऱ्या मुलीची सुरक्षितता पोलीस चौकीपेक्षा चालू असलेल्या दिव्यावर अधिक अवलंबून असते, आणि तो दिवा आपल्या मताच्या आवाक्यातला आहे.

सिमेंटच्या रस्त्याचेही ऐका. जुना रस्ता खोदून न काढता त्यावरच नवा थर टाकला की रस्ता वर येतो आणि घराचे जोते खाली राहते. दोन निवडणुका झाल्या की दोन थर चढतात, आणि पावसाळ्यात रस्त्याचे पाणी उंबऱ्याच्या आत! वऱ्हाडातली काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. पाण्याला वाट हवीच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मोर्णेला पूर आला आणि काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. म्हणून उमेदवार रस्ता देतो म्हणाला की त्याला विचारावे, "भाऊ, आधी नाली कोठून जाणार आणि तिचे पाणी शेवटी कोणत्या नाल्यात पडणार?" मी माझ्या नोकरीत अशा नाल्या पाहिल्या आहेत की, ज्या मोठ्या थाटात सुरू झाल्या आणि कोणाच्या तरी कुंपणाशी येऊन संपल्या.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. वऱ्हाडातलेच एक गाव; नाव सांगत नाही. मी त्या गावी नोकरीस होतो आणि एका जुन्या मोहल्ल्यात स्वतःचे लहानसे घर बांधून राहत होतो. आमच्याच गल्लीत गाद्या भरणारे एक कुटुंब होते. रात्री दहाच्या सुमारास कापसाने पेट घेतला. बंब वेळेवर आला, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी सारा दोष बंबवाल्यावर टाकण्याची आपल्याला सवय आहे. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि आत शिरू शकला नाही. नकाशात ती गल्ली रुंद होती. जागेवर एकाचा ओटा, दुसऱ्याच्या पायऱ्या, तिसऱ्याच्या मोरीची भिंत. पाइप जोडून आत ओढीपर्यंत लोकांनी बादल्यांनी पाणी मारले. जीव कोणाचा गेला नाही, अल्लाहचे उपकार. पण मुलीच्या लग्नासाठी जमवलेले सामान गेले, आणि दहावीत असलेल्या मुलाची सारी पुस्तके आणि वह्या जळाल्या. परीक्षेला महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मलाच टेप घेऊन मोजणीला पाठवले. मी एका टोकापासून मोजत आलो. माझा स्वतःचा ओटा दोन फूट तीन इंच गल्लीत होता. वर्षानुवर्षे इतरांना नोटिसा बजावणारा मी! त्या ओट्यावर माझी अम्मी संध्याकाळी बसत असे, म्हणून मी तो कधी मोजलाच नव्हता. मी तो पाडला. आणखी चौघांनी आपापले पाडले. बाकीच्यांनी नगरसेवकाला गाठले आणि त्याने सांगितले, "राहू द्या, मी पाहून घेईन." पुढच्या निवडणुकीत आमच्या गल्लीने त्यालाच भरभरून मते दिली. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आम्ही त्याच्याकडे जे मागितले, ते त्याने दिले.

ओट्यासारखीच प्लॉटची गोष्ट. गावाबाहेर स्वस्त प्लॉट मिळतो म्हणून आपण आयुष्याची पुंजी घालतो. विकणारा कोरा नकाशा दाखवतो, त्यात बगीचाही हिरवा रंगवलेला असतो. ले-आऊट मंजूर आहे काय, जमीन बिनशेती झाली काय, रस्त्याची आणि मोकळ्या जागेची रुंदी-लांबी मंजूर नकाशात किती, हे नगररचना विभागात जाऊन पाहणारे फार थोडे. मग दहा वर्षे आपण नळ आणि नाली मागत फिरतो. अशा गुंठेवारी वस्त्या नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला. पूर्वी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांनाच तो लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. ज्यांची घरे त्यात बसतात त्यांनी अवश्य फायदा घ्यावा. पण नियमित झाल्याने कागद सरळ होतो. जी गल्ली आठ फुटांची ठेवली ती आठ फुटांचीच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या कामाचे. पालिकेच्या निवडणुकीची मतदारयादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत वाटली जाते. जानेवारीच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेला ज्याचे नाव नव्हते, तो मतदानाच्या दिवशी कितीही ओळखपत्रे घेऊन गेला तरी परत आला. असे काही जण येथे बसलेले आहेत, मला ठाऊक आहे! नाव नोंदवण्यासाठी वर्षातून चार पात्रता-तारखा आहेत: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. अठरावे लागले की निवडणुकीची वाट पाहत बसू नये. शिवाय आपल्या प्रभागातून चार सदस्य निवडले जातात, म्हणून एका मतदाराला चार मते असतात. ह्या पद्धतीत एक खोडही आहे. दिवा बंद पडला की चौघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्ज चौघांच्याही नावे द्यावा आणि पोच घ्यावी.

एक नाजूक गोष्ट बोलतो. १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात जे घडले, ते मोबाईलवरच्या एका मजकुरावरून घडले. एक जीव गेला. इंटरनेट बंद झाले. ह्या बाबतीत मला भिवंडीची आठवण येते. १९७० आणि १९८४ ला तेथे भयंकर दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे शेजारी बसवली, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांत बसणारी माणसे दंगलीपूर्वीच एकमेकांना नावाने ओळखत होती. नालीच्या प्रश्नासाठी जठारपेठेतले पाटीलकाका आणि आपले चाचा एकत्र अर्ज घेऊन गेले असतील, तर अफवा उठल्यावर एकमेकांना फोन करायला त्यांना संकोच वाटणार नाही.

शेवटी भाषेविषयी. आपल्या घरांत उर्दू आहे आणि ती राहावी. आपल्याच जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ती राहण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण फलकाच्या आत, कार्यालयात, जी नोटीस लागते ती मराठीत असते. विकास आराखडा प्रसिद्ध झाला, हरकती अमुक दिवसांत द्या. प्रभागाची रचना झाली, सूचना पाठवा. मालमत्ता कराची आकारणी बदलली. हे सारे ठरावीक मुदतीचे कागद आहेत. मुदत टळली की आपले म्हणणे कितीही खरे असले तरी फाईलमध्ये जात नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८७३ साली मुंबईच्या नगरपालिकेत गेले आणि १८७४ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. शाळा आणि पालिका ही त्यांना दोन वेगळी कामे वाटली नसावीत, असे मला आपले वाटते.

अध्यक्षांच्या परवानगीने एक सूचना करतो. नववी ते बारावीच्या दहा मुला-मुलींनी दर महिन्याला एकदा महापालिकेच्या सूचना फलकावरील आणि वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना उतरवून आणाव्यात. पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी शाळेच्या वाचनालयात येऊन बसेन. ज्यांना नोटीस समजून घ्यायची असेल, अर्ज मराठीत लिहून हवा असेल किंवा प्लॉटचा नकाशा दाखवायचा असेल, त्यांनी कागद घेऊन यावे. टेप माझ्याकडे आहे.