पाचवा रकाना

 हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, नाशिकच्या या परिषदेतील अध्यक्षीय भाषणात प्रथेप्रमाणे वर्षभराचा आढावा यायला हवा. परंतु नवे परवाने, डिजिटल पद्धती आणि स्पर्धांचे निकाल यांची माहिती छापील अहवालात आलेली असल्याने ती येथे पुन्हा न उगाळता, बरीच वर्षे खोळंबलेला एकच प्रश्न मांडण्याचे ठरवले आहे. आपल्याच डोंगरांवरचा रिपीटर आपल्याला सापडत का नाही, हा तो प्रश्न.

नव्या परवानाधारकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. रिपीटर म्हणजे उंच जागी बसवलेले असे केंद्र, की जे एका वारंवारतेवर ऐकते आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात बोलून दाखवते. दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, या दोहोंतले अंतर सहसा ६०० किलोहर्ट्झ असते व त्याला शिफ्ट म्हणतात; शिवाय भलत्याच खरखरीने यंत्र उघडू नये म्हणून बहुतेक ठिकाणी बोलण्याच्या आवाजाखाली एक बारीक, कानाला न जाणवणारा सूर सोडावा लागतो, तो टोन. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने हातात सेट धरून सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाचे रेडिओ-क्षितिज पाच किलोमीटरवर संपते, तर भोवतालच्या प्रदेशाहून सहाशे मीटर उंच असलेल्या अँटेनाचे शंभर किलोमीटरपर्यंत जाते. मधे सह्याद्रीची एखादी धार आली की मात्र हा सारा हिशेब कोलमडतो. म्हणून वारंवारता, शिफ्ट, टोन आणि ठिकाण या चार गोष्टी एकत्र कळल्याशिवाय रिपीटर कळला असे म्हणता येत नाही. पंचवीस किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी हा पट्टा मोजला तर ८० जागा होतात आणि प्रचलित जुन्या यादीतले टोन ३८ आहेत. तेव्हा काहीच ठाऊक नसताना चाचपडणाऱ्यापुढे ३,०४० जोड्या उभ्या राहतात, आणि तोवर हातातल्या सेटची, म्हणजे हँडीची, बॅटरी मान टाकते.

गंमत अशी की पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील रिपीटरची कुंडली या सभागृहातील अनेकांना तोंडपाठ असेल : वर पाठवायचे १४५.९९० वर, ६७ चा टोन लावून, आणि ऐकायचे ४३७.८०० वर. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या हॅमसॅट उपग्रहाचेही तसेच होते. तो आज डोक्यावरून किती वाजून किती मिनिटांनी जाणार हे घरबसल्या काढता येत असे. शेजारच्या तालुक्यातील डोंगरावर काय चालू आहे, हे मात्र कोणा तरी जुन्या सदस्याला फोन करून विचारावे लागते, आणि उत्तर मिळते, ‘एकशे पंचेचाळीस पॉइंट काहीतरी, बघ फिरवून.’ येथे १९४२ ची आठवण अपरिहार्य आहे. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटर ही आपली तरंगलांबी रोज जाहीर करी आणि ठिकाण तेवढे ‘भारतात कुठेतरी’ एवढ्यावरच ठेवी. कारण ऐकणाऱ्याला केंद्र सापडावे आणि पोलिसांना सापडू नये, हे त्यांना अचूक कळत होते. आजच्या परवानाधारक, राजमान्य रिपीटरचा खांब मात्र दहा मैलांवरून दिसतो आणि वारंवारता गुप्त असते.

याद्या आहेत, हे मान्यच आहे. तक्रार याद्यांविषयीच आहे. कोणत्याही यादीत वारंवारता असते, गावाचे नाव असते, क्वचित टोनही असतो. ती नोंद कोणी, कोणत्या दिवशी, स्वतःच्या कानाने ऐकून केली हे नसते. परिणामी वीज पडून वर्षापूर्वी जळालेला रिपीटर आणि काल संध्याकाळी बोलता झालेला रिपीटर यादीत मांडीला मांडी लावून बसतात. एका पावसाळ्यात प्रस्तुत वक्ता गडावरून उतरताना पाय मुरगळलेल्या सोबत्याजवळ थांबला असता, यादीतल्या वारंवारतेवर, यादीतल्या टोनसह, तासभर हाका मारत राहिला; टोन दोन वर्षांपूर्वीच बदलला होता आणि तो ज्या चौघांना सांगितला गेला होता त्यांपैकी कोणी त्या डोंगरावर नव्हते. निरोप अखेर एका गुराख्याने खाली पोहोचवला. त्याच्याकडे परवाना नव्हता.

मोबाइल असताना रिपीटर कशाला, असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज वाटत नाही. त्या गडावर मोबाइलही लागत नव्हता.

दुसरा वाद ठिकाण उघड करावे की नाही, याचा. ठिकाण कळले की बॅटऱ्या आणि तांब्याची केबल चोरीला जाते, हा आक्षेप सभांमधून वारंवार ऐकू येतो व तो मांडणाऱ्यांचा कळवळा खराच असतो. तथापि, ज्या एका डोंगरावरील बॅटऱ्या खरोखर गेल्या तेथील जागा सर्वांनी निष्ठेने लपवलेली होती. चोराने यादी वाचली नव्हती, त्याने खांब पाहिला होता. त्या गुप्ततेचा फटका बसला तो दुरुस्तीला गेलेल्यांना, कारण वाट आणि खोलीची किल्ली ठाऊक असलेला एकमेव सदस्य तेव्हा मुलाकडे परदेशी गेला होता.

ठिकाण लिहायचे म्हणजे ‘नाशिक’ असे लिहून भागत नाही. हॅम मंडळी वापरतात ती मेडनहेड पद्धत पृथ्वीची रुंदीला दोन अंश व उंचीला एक अंश अशा चौकोनांत विभागणी करते, आणि विसावे अक्षवृत्त नेमके या शहरातून जात असल्याने रामकुंड एमएल६० या चौकोनात पडते, तर नाशिकरोड स्थानक एमके६९ मध्ये. एकाच गावातले दोघे दोन चौकोनांतून बोलत असतील, तर डोंगराचे नाव, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याचा कंटाळा करून कसे चालेल? ज्यांना नोंद मिळत नाही त्यांनी कान वापरावा. हँडी छातीशी धरून जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यावी. पाठ केंद्राकडे झाली की शरीर आड येऊन आवाज खरखरू लागतो, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर ओढल्या की रेषा जेथे छेदतात तेथे डोंगर असतो. पूर्वी हे तरुणांना शिकवले जाई. आता त्याची स्पर्धा घेतात, बक्षीस देतात आणि सापडलेली माहिती कोणी लिहून ठेवत नाही.

अमेरिकेत रिपीटरांची निर्देशिका कित्येक वर्षे छापली जात होती, आणि दोन रिपीटर एकमेकांच्या अंगावर आले तर समन्वयकांशी न बोलता उभारलेल्यानेच प्रामुख्याने वाट काढावी, असे तेथील नियमच सांगतात. आपल्याकडे परवाना देणारे खाते दिल्लीत आहे. डोंगरावर कान लावणे हे त्याचे काम नव्हे, ते हॅमचेच आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ दाराशी असून लाखोंची गर्दी त्र्यंबक ते पंचवटी पसरणार आहे, आणि त्याआधी जिल्ह्याची नोंदवही तयार व्हावी अशी योजना आहे. तिच्यासाठी समिती नेमावी, तालुकावार माणसे ठरवावीत, दर महिन्याला एकदा प्रत्येक रिपीटर उघडून पाहावा, असे स्थूलमानाने सुचवता येईल. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.

तूर्त चहाच्या टेबलाजवळ एक आखलेली वही ठेवली आहे. तिचे पहिले चार रकाने वारंवारता, शिफ्ट, टोन आणि ठिकाण यांचे असून पाचवा रकाना स्वतः ऐकल्याच्या तारखेचा आहे. तो ज्यांना भरता येणार नाही, त्यांनी पहिले चारही कोरे ठेवावेत.