उन्हाळी अंदाज आणि इटियाडोहचे पाणी



गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर बांधलेले इटियाडोह धरण 1970 मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी अर्जुनी मोरगावबरोबरच भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर आणि गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज व आरमोरी या तालुक्यांतील धानाच्या बांध्यांना मिळते. पावसाळ्यात सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहावयास दूरदूरची माणसे येतात. फाल्गुन लागला की त्याच जलाशयाकडे पाहण्याची नजर बदलते. पाणी किती आहे, यापेक्षा ते मेअखेर पुरेल काय, हा प्रश्न उभा राहतो. नेमक्या याच सुमारास भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज प्रसिद्ध करतो. या अंदाजातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा आजचा विषय आहे.

इटियाडोहला समुद्रकिनारा नाही, हिमाच्छादित पर्वत नाही आणि वाळवंटही नाही. तरीही येथील उन्हाळा या तिघांच्या ओढाताणीतून घडतो. वायव्येकडील थरच्या वाळवंटावरून तापलेला कोरडा वारा मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरतो आणि उष्णतेची लाट येते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचे तापमान वर्तमानपत्रांत झळकते ते याच दिवसांत. दुसरीकडून बंगालच्या उपसागराचे बाष्प येते. झाडीपट्टीला अरबी समुद्रापेक्षा हा उपसागर जवळचा आहे, हे नकाशा उघडून विद्यार्थ्यांना दाखविण्यासारखे आहे. तिसरा पाहुणा दूरचा. भूमध्य समुद्राकडून निघालेले आणि हिमालयाला अडखळत जाणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतात पाऊस व हिम देतात. त्यांचा दक्षिणेकडील पदर मध्य भारतावर आला, की उंचावरील हवा थंड होते. खाली तापलेली जमीन, मधोमध उपसागराचे बाष्प आणि वर थंड हवा, असा योग जुळला की दुपारनंतर ढग उभे चढू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वातावरणातील गोठणपातळी त्यामानाने खाली असते, म्हणून गारा वितळण्यापूर्वीच जमिनीवर पोहोचतात. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल.

उष्णतेची लाट म्हणजे काय, याची फूटपट्टीही किनारा, पर्वत आणि मैदान यांना एक नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान 40 अंश सेल्सियस वा अधिक असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढले, तर लाट मानतात. 45 अंशांवर गेले तर सरासरी न पाहताच. किनाऱ्यावर 37 अंश पुरतात, कारण तेथील दमट हवेत घाम वाळत नाही. डोंगराळ भागात 30 अंशांपासून हिशेब सुरू होतो. गोठणगाव परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. जगातील सर्वांत उंच पठारावरून आलेल्या या मंडळींनी विदर्भाचा उन्हाळा अंगवळणी पाडला, ही गोष्ट कोणत्याही फूटपट्टीत मावणारी नाही.

हंगामी अंदाज संभाव्यतेच्या भाषेत असतो. ‘पाऊस सरासरीपेक्षा अधिक होण्याची शक्यता’ या वाक्यातून काही गावांत भलताच अर्थ काढला जातो : पाऊस येणारच आहे, तर उन्हाळी धानाचे क्षेत्र वाढवावे! गोंदिया जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस 1,200 मिलिमीटरच्या पुढे जातो. त्यातील मार्च ते मे या काळाचा वाटा फार लहान. त्याची दुप्पट झाली तरी जलाशयात त्याने भर पडत नाही. उलट वादळाने उभे धान मात्र लोळते. अधिक पावसाचा अंदाज हा येथे अधिक पाण्याचा अंदाज नव्हे. तो विजा, वारा आणि गारा यांचा इशारा समजावा.

पाणी कमी होते ते कोठे? कालव्यातून गेलेले दिसते, हवेत गेलेले दिसत नाही. ऐन मे महिन्यात जलाशयाच्या पृष्ठावरून दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर पाण्याची वाफ होते. एक चौरस किलोमीटर पृष्ठभागाला हे प्रमाण लावले तर रोजचे 10,000 घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी होते. हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल. तापमान सरासरीपेक्षा अधिक राहील असा अंदाज असेल, कोरडे वारे वाढतील, तर ही तूटही वाढेल आणि बांधीला पाळीही लवकर द्यावी लागेल. उन्हाळी हंगामाचे पाणीवाटप ठरविताना तापमानाचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा महत्त्वाचा ठरतो तो यामुळे. वरच्या गावांनी क्षेत्र वाढविले, की कालव्याच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याचे पीक निसवण्याच्या वेळी कोरडे पडते. हा तंटा मे महिन्यात चावडीवर येतो, पण त्याचे बीज जानेवारीत पेरलेले असते.

धानालाही उष्णतेची मर्यादा आहे. फुलोऱ्याच्या वेळी तापमान 35 अंशांच्या वर राहिले तर परागीकरण बिघडून लोंबीत पळिंज दाणे वाढतात. फूल उमलते ते बहुधा सकाळी, दुपारपूर्वी. हीच काय ती सवलत. रोवणी लांबली की फुलोरा एप्रिलच्या झळांत सापडतो. मार्च 2022 मध्ये देशातील सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या कोणत्याही मार्चपेक्षा अधिक होते. अशी वर्षे लक्षात घेता रोवणी वेळेवर करणे आणि कमी मुदतीचे वाण घेणे, एवढे तरी शेतकऱ्याच्या हाती आहे.

शेताबाहेरचे उत्पन्नही याच आकाशाखाली असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले पडतात. ढगाळ हवा आणि पाऊस आला की ती नीट वाळत नाहीत, काळी पडतात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपान तोडून उघड्यावर वाळत घालतात, तेथेही एका सरीने मजुरी वाया जाते. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालाच आग लावू शकते.

तीन महिन्यांचा अंदाज नियोजनासाठी. रोजच्या कामासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा पाहावा. त्यातील पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग तयारीची पायरी सांगतात. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन आहे. ग्रामपंचायतीने हा इशारा फळ्यावर लिहावा आणि ध्वनिक्षेपकावरून सांगावा, कारण बांधीतील मजुराच्या हाती त्या वेळी विळा असतो, मोबाइल नसतो. 2025 मध्ये मान्सून केरळात 24 मे रोजीच, सर्वसाधारण तारखेच्या आठवडाभर आधी, दाखल झाला आणि त्यापूर्वीच महाराष्ट्रात मे महिन्यात भरपूर पाऊस पडला. कापून कडपा पसरलेल्या धानाला असा मे परवडत नाही. नारिंगी रंग दिसला की त्या दिवशी कापणी थांबवावी, कापलेल्या धानाचे पुंजणे उंचवट्यावर रचावे, त्यावर ताडपत्री घालावी आणि दुपारनंतर गुरे झाडाखाली बांधू नयेत.