खाणावळीची वही



धर्मशाळेवर बांधणाऱ्याच्या नावाची शिळा असते. खाणावळीवर तशी काही खूण नसते, कारण तिथं पैसे घेऊन जेवण मिळतं आणि पैसे घेतले म्हणजे धर्म कसला, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही.

दानाच्या पंगतीतही सगळ्यांना जागा नव्हती. वार लावून जेवायचं, माधुकरी मागायची, ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची. खेड्यातून शिकायला आलेल्या बाकीच्या पोरांनी कुठं जेवायचं? सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. घरात सोवळं पाळलेल्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांचं सगळं केलं. दाणागोटा संपला तेव्हा दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही.

ज्यांना शाळा मिळाली नाही, ते मुंबईला गिरणीत गेले. लालबाग-परळच्या एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला खाणावळवाल्या बाईकडं. बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको, नाहीतर विधवा, नाहीतर नवऱ्यानं टाकलेली. महिनाभर जेवायचं, पगाराला पैसे द्यायचे, गावी गेलं तर खाडा धरायचा. सगळा हिशेब वहीत. तिला वाण्याचं देणं मात्र थांबत नसे. त्यासाठी ती सावकाराच्या दारात उभी. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात रुतल्या. ते पाहून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. दागिना तारण ठेवायला नसलेल्या बाईला बँक दारात घेते, हे तेव्हा नवलच होतं.

मग 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बरेच जण गाठोडं बांधून माण-खटाव, जत-आटपाडीकडं परतले. काहींनी पुढं मनिऑर्डरीनं उधारी फेडली असेल, कित्येकांची बुडाली. गिरण्यांचा तोटा कागदावर आला, खाणावळींचा आला नाही.

अशा खाणावळवाल्या बाईची एखादी वही कुणाच्या माळ्यावर असेल, तर ती रद्दीत घालू नका.