सुपारी, मिश्री आणि तोंडाचे अस्तर

(रामवाडी येथे संस्थेच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळते. कार्यकर्त्यांनी मला 'आरोग्य आणि धम्म' असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलले की श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून मी आज फक्त तोंडाबद्दल बोलणार आहे. आपल्या वस्तीत क्वचितच असे घर सापडेल की जिथे मिश्रीची डबी, तंबाखूची पुडी किंवा सुपारी यांपैकी एकही वस्तू नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांतले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात ठेवतात.

प्रथम शरीररचना थोडक्यात सांगते. गालाच्या आतल्या बाजूस जी मऊ, गुलाबी, ओलसर त्वचा असते तिला आपण अस्तर म्हणू या. हे अस्तर गोधडीसारखे असते. वरच्या बाजूस पेशींचे थर असतात. सर्वांत खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि झडून जातात. या थरांच्या खाली गोधडीच्या आत असते तसे भरण असते. त्यात कोलॅजेन नावाचे बारीक धागे, ते धागे विणणाऱ्या पेशी आणि रक्ताच्या केसासारख्या वाहिन्या असतात. गाल फुगवता येतो, मोठा आ करता येतो, तो या भरणाच्या लवचीकपणामुळे.

तंबाखू आणि सुपारी या गोधडीवर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी आघात करतात. तंबाखू मुख्यतः वरच्या थरांना बिघडवते. पेशी जाड होतात, त्यांची शिस्त मोडते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पांढरा चट्टा दिसतो. तो पुसून निघत नाही. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. चट्टा लाल असेल तर धोका अधिक समजावा. सुपारी मात्र वर दिसण्यापूर्वीच आतले भरण बिघडवते. त्याची हकीकत अधिक बोधप्रद आहे, म्हणून ती मी सविस्तर सांगणार आहे.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एक साधा प्रश्न सतत विचारला : हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला? १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी लोकांच्या राहणीशी जोडलेल्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. घट्ट धोतराची गाठ जिथे कमरेला वर्षानुवर्षे घासते तिथे होणारा कर्करोग, आणि खालच्या ओठाच्या खाचेत तंबाखू-चुना धरणाऱ्यांना नेमका त्याच खाचेत होणारा कर्करोग, यांचे वर्णन त्यात आहे. जिथे सवय, तिथे रोग. देवाचा कोप, पूर्वजन्मीचे पाप, करणी, यांपैकी कशाचीही गरज या उत्तराला लागली नाही.

पुढे १९५२ साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाचे अस्तर ताठर झाल्याचे वर्णन श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केले. लगेच १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी असेच रुग्ण आपल्याकडेही असल्याचे दाखवून दिले. या रोगाला आज सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. रुग्ण येतो तो एकच तक्रार घेऊन : "जेवण झोंबतं." कालवणाचा घास तोंडात घालवत नाही. मग हळूहळू तोंड उघडेनासे होते. गालात दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे हाताला लागतात. शेवटी भाकरीचा तुकडासुद्धा आडवा करून आत सरकवावा लागतो.

आता कारण काय? तिखट झोंबते, आणि हा रोग भारतीयांत जास्त. म्हणजे मिरचीच कारण असणार, असे अनेकांना वाटले. डॉ. सत्यवती शिरसाट आणि डॉ. खानोलकर यांनी हा तर्क तपासून पाहिला. उंदरांना विशिष्ट आहारावर ठेवून त्यांच्या टाळूला मिरचीतले तिखट द्रव्य लावले. ऊतीत काही बदल दिसलेही, आणि १९६० साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे मिरचीवरचा आरोप काही वाऱ्यावरचा नव्हता. त्याच्या मागे प्रयोगशाळा होती.

तरीही तो आरोप टिकला नाही. मिरची तर सारा देश खातो. मग रोग काहींनाच का? याचे उत्तर उंदरांत सापडणारे नव्हते, ते गावागावांत जाऊन शोधावे लागले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, तसेच डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग यांनी १९६० च्या दशकापासून घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यातल्या एकट्या पाहणीत १,०१,७६१ ग्रामस्थ होते. तिचा अहवाल १९७२ साली आला. एवढ्या लोकांना उंबऱ्यावर बसवून, आ करायला लावून, कोण काय खातो हे लिहून घेतले गेले. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की संशोधन म्हणजे केवळ पांढरा कोट नव्हे. ती पायपीटही असते.

१९९० साली गुजरातमधील भावनगरच्या एका अभ्यासात या रोगाचे ६० रुग्ण आणि त्यांच्याच वयाचे, पण रोग नसलेले लोक यांची तुलना केली गेली. रुग्णांपैकी ९८ टक्के सुपारी खाणारे निघाले, आणि निरोगी लोकांत सुपारी खाणारे ३५ टक्के होते. तिखट झोंबणे हे रोगाचे कारण नव्हते, तो रोगाचा परिणाम होता. अस्तर पातळ झाले म्हणून मिरची लागत होती. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. परंपरेने आले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून स्वीकारू नका, हे त्याचे सार. येथे तर जाणत्या शास्त्रज्ञांचा तर्कही शास्त्रानेच तपासून बाजूला ठेवला, आणि त्यात कोणाचा अपमान झाला नाही.

सुपारी नेमके काय करते हेही आता बरेच समजले आहे. तिच्यात अ‍ॅरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते धागे विणणाऱ्या पेशींना अधिक कोलॅजेन तयार करायला लावते. सुपारीत तांबे या धातूचे प्रमाणही बरेच असते, आणि धाग्यांना एकमेकांशी घट्ट जोडणारे जे विकर आहे त्याला तांबे लागते. तिच्यातल्या तुरट द्रव्यामुळे तयार झालेले धागे सहज विरघळत नाहीत. म्हणजे विणकाम वाढले, गाठी पक्क्या झाल्या आणि उसवण्याचे काम थांबले. गोधडीची ताडपत्री झाली. रक्तवाहिन्या त्यात आवळल्या जातात आणि वरच्या पेशींचे पोषण घटते. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतील ७.६ टक्के जणांना कर्करोग झाला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा मनुष्यात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली.

"ताई, मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खाते," असे ज्या भगिनी अभिमानाने सांगतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले. आपला रायगड तर सुपारीचाच जिल्हा. श्रीवर्धनची रोठा सुपारी दूरवर नावाजलेली आहे. बागायतदाराच्या पोटावर पाय द्यावा असे मला म्हणायचे नाही. पण झाडाचे कौतुक वेगळे आणि गालात धरलेल्या खांडाचा हिशेब वेगळा. नव्या पिढीचा प्रश्न तर पुडीचा आहे. पूर्वी पान खाणारा पान लावायचा, त्यात वेळ जायचा. पुडीतली कोरडी सुपारी एका फटक्यात तोंडात जाते, आणि दिवसातून किती वेळा गेली याचा हिशेब राहत नाही. पुडी खाणाऱ्यांना हा रोग पान खाणाऱ्यांपेक्षा कमी वर्षांत जडतो, असे दिसून आले आहे. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळते कुठे, हे मात्र शाळेतल्या मुलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता मिश्रीबद्दल. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना लावायची. दाढ दुखते म्हणून आजीने बोटाला लावून दिलेली मिश्री पुढे जन्मभर सुटत नाही. भाजली म्हणून तिच्यातले विष जळून जात नाही. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जाते. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तोंडावाटे तंबाखू घेणाऱ्या, म्हणजे प्रामुख्याने मिश्री लावणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. आधीच अशक्त आईच्या बाळाला १०५ ग्रॅम ही काही लहान गोष्ट नव्हे. मिठागरावर किंवा वीटभट्टीवर दिवसभर राबणाऱ्या बाईला मिश्रीने भूक मारता येते, हे मला माहीत आहे. म्हणून मिश्री लावणाऱ्या बाईला अडाणी म्हणून हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. तिच्या पोटाचा प्रश्न सोडवणे हे त्या उपदेशापेक्षा अवघड काम आहे, इतकेच.

येथे हमखास एक शंका निघते. "आमचा आजा नव्वद वर्षे जगला आणि रोज तंबाखू खायचा, त्याचे काय?" आपण खारेपाटातली माणसे. खाडीच्या बंधाऱ्याला खेकड्यांनी भोके पाडली तर प्रत्येक उधाणाला खांड जाते का? नाही जात. एखादा तसा बंधारा दहा पावसाळे टिकतोही. म्हणून भोके बुजवू नयेत असे कोणी शेतकरी म्हणत नाही. वैद्यकात ज्याला धोक्याचा घटक म्हणतात, तो असा असतो. तो एका माणसाचे भविष्य सांगत नाही. गावात किती खांडी जाणार, हे सांगतो.

पाचव्या शीलाविषयीही मला अनेकदा विचारतात. दारू वर्ज्य, पण तंबाखूचे नाव त्यात कुठे आहे? नसणारच. बुद्धकाळी या देशात तंबाखू नव्हती, ती पोर्तुगीजांबरोबर आली. सुपारी मात्र जुनी आहे. शीलाचा अर्थ लावण्याचा अधिकार भंतेजींचा, त्यात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की जी वस्तू माणसाला दर तासाला आपली आठवण करून देते, तिच्यापुढे सावधपणा टिकत नाही. आपण कर्मकांडातली सुपारी सोडली, आणि मंगलपरिणयाच्या जेवणानंतर तीच सुपारी बशीतून फिरवतो, हे मात्र मला गमतीचे वाटते.

आता करावयाचे काय, ते सांगते. पांढरा चट्टा सवय सोडल्यावर कमी होऊ शकतो, पुष्कळदा नाहीसाही होतो. एर्नाकुलम, भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम येथे सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना घरोघर जाऊन समजावले गेले, तेव्हा नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. ताठर झालेले अस्तर मात्र पूर्ववत होत नाही. सुपारी सोडली तर रोगाची वाढ थांबू शकते आणि व्यायामाने, औषधाने तोंड थोडे मोकळे होते, इतकेच. म्हणून उशीर करू नये. आपलीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, उभी धरून समोरच्या दातांमधून आत जातात का पाहावे. जात नसतील, तिखट झोंबत असेल, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. डॉक्टर बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतील. "कापले की कॅन्सर पसरतो" या समजुतीने लोक ही तपासणी टाळतात आणि वर्ष घालवतात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. टाटा केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आता आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली, तरी तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तो निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. सवय सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या शासनाच्या क्रमांकावर फोन करावा, पैसे पडत नाहीत.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत बॅटरी आणि आरसा घेऊन बसणार आहे. महिलांनी आधी यावे, त्यांना घरी स्वयंपाक असतो. विद्यार्थ्यांनी पुड्या खिशातच ठेवल्या तरी चालेल, मी खिसे तपासणार नाही, फक्त तोंड उघडायला सांगेन. 

जयभीम, नमो बुद्धाय.