लेकॉकची सराई
इंग्लंडमध्ये एखादा दिवस मोकळा मिळाला, तर विल्टशायरमधलं लेकॉक गाव पायी बघावं. मोजक्याच गल्ल्या, दुतर्फा दगडी आणि लाकडी चौकटींची जुनी घरं. १९४४ साली मटिल्डा टॅल्बट यांनी इथला जुना मठ आणि गाव नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं, म्हणून हे रूप टिकलं. याच मठाच्या एका खिडकीची विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ मध्ये घेतलेली निगेटिव्ह ही आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी. टपालाच्या तिकिटाएवढी!

पण खरं थांबावं ते जॉर्ज इन या सराईत. चुलाण्यापाशी एक चाक आहे. आखूड पायांचं कुत्रं त्यात चालत राही, चाकाला जोडलेली सळई फिरे आणि विस्तवावरचं मांस सगळीकडून सारखं भाजलं जाई. त्या धगीत राबणारा तो मुका जीव मला तरी विसरता येत नाही.

जेवण झालं, की एव्हन नदीकडे शेतांतून पायवाटा जातात. शेत खासगी असलं, तरी त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना आहे. मात्र फाटक उघडलंत, तर मागे लावून घ्या. आत गुरं चरत असतात.