ढोल, बास आणि बारा फुटांची खोली

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



मी शासकीय नोकरीतला माणूस. टिपणी लिहायची सवय आहे, भाषणाची नाही. पण सचिवांनी आग्रह केला की, गेल्या वर्षी तुमच्या मुलाच्या गाण्याचं काय बिघडलं ते सांगा. म्हणून उभा आहे.

आपल्याला आठवत असेल. माझा मुलगा बास गिटार वाजवतो आणि त्याचा मित्र ड्रम व ढोल. दोघांनी आमच्या बुधवाऱ्यातल्या घरी एक गाणं रेकॉर्ड केलं. संगीत 'मेटल' प्रकारचं, म्हणजे जड आणि वेगवान. ड्रम इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवले होते. ढोलासमोर मात्र माइक लावावा लागतो आणि आसपास मागांची खडखड सुरू असते. म्हणून पोरं वीज जाण्याची वाट बघायची. माग थांबले की लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग. इतक्या कष्टाचं गाणं इथे मंडपात लावलं आणि नुसतं घुमायला लागलं. ताशा हरवला, शब्द हरवले. मागून कोणीतरी विचारलं, "ट्रॅक्टर सुरू केला काय?" तिसऱ्या मिनिटाला गाणं बंद करावं लागलं.

त्या रात्री मुलानं गाण्यातून बास काढूनच टाकला. सकाळी आम्हाला ऐकवलं. त्याची आई म्हणाली, "आता कसं स्वच्छ वाटतंय." तो म्हणाला, "हो. आता यात मी नाहीच."

दोन वर्षं मी त्या खोलीच्या दारातून फक्त "आवाज कमी कर" एवढंच म्हणत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आत जाऊन बसलो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, तो कधीतरी घरच्या कामी यावा.

खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. पोराची खुर्ची बरोब्बर मध्यभागी. इथेच घोटाळा होता. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही खोल स्वर अडकून घुमतात. बारा फुटांत सुमारे ४७ हर्ट्झचा, दहा फुटांत सुमारे ५६ हर्ट्झचा. ते भिंतीजवळ फुगतात आणि मधोमध जवळजवळ नाहीसे होतात. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा जोरही साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे नेमकं जे जुळवायचं, ते त्याला खुर्चीत ऐकूच येत नव्हतं. म्हणून तो दोन्ही वाढवत गेला. मंडपात ते सगळं एकदम बाहेर पडलं.

दुसरी अडचण वेगाची. मिनिटाला १६० ठोक्यांची लय, त्यात प्रत्येक ठोक्याला दोन्ही पायांनी मिळून चार आघात. म्हणजे दोन आघातांमध्ये सेकंदाचा दहावा हिस्साही नाही. तेवढ्यात बासच्या त्या जाड तारेची धड चार कंपनंही पुरी होत नाहीत. त्यात ढोलाची आस मिसळली की गाळच होणार.

मग आम्ही कामाला लागलो. खुर्ची पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली. गाद्या उभ्या केल्या. त्यांनी प्रतिध्वनी कमी झाला, पण खोल आवाजावर गादीचा इलाज फारसा चालत नाही. म्हणून तो भाग हेडफोनवर पडताळला. नंतर वाटणी केली. ६० हर्ट्झच्या आसपासची जागा ड्रमला दिली आणि तिथे बास थोडा कापला. ८० ते १०० मध्ये बासला जागा दिली आणि तिथे ड्रम कापला. ३० च्या खालचं दोघांचंही काढून टाकलं. ते कानाला फारसं कळत नाही, पण ॲम्प्लिफायरची ताकद खातं. नुसता ३ डेसिबल आवाज वाढवायला दुप्पट ताकद लागते. शेवटी कॉम्प्रेसर असा लावला की ड्रमचा आघात आला की बास दोन-तीन डेसिबल मागे सरकावा आणि लगेच परत यावा.

राहिला मोबाइल. त्याच्या छोट्या स्पीकरमधून खोल स्वर निघतच नाहीत. पण आपला जुना लँडलाइन आठवा. तो साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं पाठवत नसे, तरी वडिलांचा जाड आवाज आपण ओळखायचोच. वरच्या स्वरांवरून कान खालचा स्वर जुळवून घेतो. म्हणून बासची एक प्रत घेतली, ती थोडी खरखरीत केली आणि मूळ बासखाली हलकेच मिसळली.

या चुका फक्त आमच्याच घरात होतात असं नाही. अमेरिकेच्या मेटॅलिका या मोठ्या बँडचा १९८८ सालचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम घ्या. त्यात नव्यानं आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि रसिक आजही त्याची हळहळ करतात. उलट आपल्याच देशात, दिल्लीच्या ब्लडीवुडनं मेटलमध्ये ढोल आणला आणि २०१९ साली जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवून दाखवला. म्हणजे पोरांचा ध्यास खुळा नव्हता.

नवं गाणं मुलानं आजीला मोबाइलवर ऐकवलं. ती म्हणाली, "गाणं काही मला कळलं नाही रे. पण तू कुठे वाजवतोस ते कळलं." पोरगा काही बोलला नाही. पाण्याचा पेला घेऊन आत गेला.

आज आरतीनंतर, दहाच्या आत, ते गाणं पुन्हा लावणार आहोत. आवाज गेल्या वर्षीपेक्षा कमी ठेवू. आवडलंच पाहिजे असं नाही. फक्त शेवटच्या रांगेतल्या मंडळींनी नंतर त्याला एवढंच सांगावं, बास ऐकू आला की नाही. माझ्या सांगण्यावर त्याचा अजून तेवढा विश्वास बसलेला नाही, आणि त्यात चूक माझीच आहे.

गणपती बाप्पा मोरया!